पाळीवरचं झाड आणि काठावरचं झाड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तलावाकाठची झाडं तोडावी की राखावी, यावरून तुमच्या वाचकांच्या पानावर महिनाभर चांगलीच जुंपली आहे. एक म्हणतो, फांदीलाही हात लावू देणार नाही. दुसरा म्हणतो, पुढच्या पुरात मग झाडाला मिठी मारून बसा. दोन्हीकडची पत्रं मी सकाळच्या चहासोबत वाचते आणि दरवेळी एकच गोष्ट विचारावीशी वाटते : बाप्पा, तुम्ही कोणत्या झाडाबद्दल बोलून राहिले? पाळीवरच्या की काठावरच्या?

शहरात पाळ हा शब्दच बुडाला आहे. आता चौपाटी असते, वॉकिंग ट्रॅक असतो, सेल्फी पॉइंट असतो. आपण ज्या उंच वाटेवरून पहाटे बूट घालून फिरतो, ती वाट म्हणजेच मातीचा बांध आहे आणि एका अंगाने तो सगळा तलाव पाठीवर घेऊन उभा आहे, हे फिरणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्या नागपुरातले जुने तलाव काही निसर्गाने आयते दिलेले नाहीत. कोणी गोंड राजाने, कोणी भोसल्यांनी, कोणी इंग्रजांच्या काळात नाला पाहून पाळ घातली, तेव्हा तलाव झाला. त्यामुळे अशा तलावाला दोन बाजू असतात. एका बाजूला पाळ, बाकी सगळीकडे काठ. झाडाचा न्याय या दोन ठिकाणी एक असू शकत नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण लांबणार आहे. कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं कापू नका.

आधी माझं सांगते. मानेवाड्याकडे माझी नर्सरी आहे, ३१ वर्षं झाली. झाडं विकून दोन मुलं शिकवली, तेव्हा मला कोणी झाडांची वैरीण म्हणू नये. माहेर साकोली तालुक्यातलं, म्हणजे तलावांच्याच मुलखातलं. तिथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, बोड्या म्हणजे लहान तळी बांधली, त्यांच्या पाण्यावर धान पिकवला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तरी आम्ही अजून त्यांना मालगुजारी तलावच म्हणतो.

माझा आजा पाळीवर चढला की त्याची नजर पाण्याकडे नसायची, पायाखाली असायची. पिपराचं, पळसाचं बोटभर रोप दिसलं की चालता चालता वाकून उपटायचा. जरा जाड झालेलं असलं तर घरून कुदळ मागवायचा. हरळी मात्र त्याला हवी असायची. हरळीची मुळं वरवरच राहतात, पावसाच्या माऱ्यात माती धरतात, आणि गवतात कुठे घुशीने भोक पाडलं तर ते लगेच दिसतं. दाट झाडाच्या सावलीत हरळी मरते, जमीन उघडी पडते, आणि पाचोळ्याखाली कोण बीळ करतंय याचा कोणाला पत्ता लागत नाही. याच आज्याने काठाला, म्हणजे जिकडून पाणी तलावात येतं तिकडे, कहूची आणि जांभळाची रांग सांभाळली होती. कहू म्हणजे तुमचा अर्जुन. त्या रांगेतली वाळकी फांदीसुद्धा कोणी त्याला विचारल्याशिवाय नेत नसे. मला लहानपणी हे कळायचंच नाही. एकीकडे बोटभर रोपाचा गळा दाबणारा माणूस दुसरीकडे झाडासाठी भांडतो, हे काय?

कळलं ते सातवीत असताना. पोळ्याच्या आसपासचे दिवस, तलाव तुडुंब. सकाळी गुराखी पोरगा ओरडत आला की पाळीच्या खालून पाणी येतंय. आता पाळ थोडी पाझरतेच. मातीचीच ती. पाझर निवळ असला तर कोणी ताटावरून उठत नाही. हे पाणी चहासारखं होतं. पाळीच्या पोटातली माती घेऊन येत होतं, म्हणून तसं. आज्याने पालथं पडून त्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. आत काळं, ओलं, बोटाने दाबलं की भुगा होणारं लाकूड होतं. माझ्या बापाच्या लग्नाच्या वेळी लाकडासाठी पाळीवरचा एक मोहा तोडला होता. जमिनीबरोबर तोडला आणि बुंधा तसाच ठेवला. झाड विसरलं गेलं, मुळं आतल्या आत कुजत गेली, आणि जिथे मूळ होतं तिथे मांडीएवढी नळी उरली. त्या वर्षी पाणी बरोबर तितक्या उंचीला चढलं.

त्या दिवशी अख्खं गाव पाळीवर होतं. बाया घमेली देत होत्या, माणसं पाण्याच्या अंगाने उतरून चिकणमातीचे गोळे आणि तणस दाबत होती. तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, मोकळं करून तलाव हातभर उतरवला, तेव्हा कुठे भोक बसलं. खालच्या बांध्यांतला रोवलेला धान पाण्याखाली गेला, त्यात आमचाही होता. आजा संध्याकाळी जेवला नाही. मोहा तोडला तेव्हा बुंधा काढायचा म्हणून तोच म्हणाला होता आणि लग्नाच्या घाईत तोच विसरला होता.

म्हणून, पाळीवरची झाडं काढण्याला माझा विरोध नाही. हे वाचून ओळखीतल्या दोघा-तिघांचे फोन येतील, येऊ द्या. झाडाची मुळं माती धरून ठेवतात हे आपण शाळेपासून घोकलेलं आहे, आणि काठावर ते शंभर टक्के खरं आहे. तिथे मागे जमीनच आहे, पाण्याला पलीकडे जायचं नाही. पाळीत तसं नसतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस फूट खाली कोरडी वस्ती, आणि पाणी रात्रंदिवस वाट शोधत असतं. जिवंत मूळ असेल तोवर ठीक असतं, मेलं की वाट तयार. वादळात मोठं झाड उन्मळलं तर मुळासोबत पाळीचा घासच निघून येतो, ते वेगळं.

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि अंबाझरी तलावाचं पाणी सांडव्यावरून खालच्या वस्त्यांत घुसलं. माझी नणंद तिकडे खालच्या अंगाला राहते. फ्रिज आडवा होऊन खोलीभर फिरत होता, ती माळ्यावर बसून पाहत होती. ध्यानात घ्या, तेव्हा पाळ फुटलेली नव्हती. पाणी फक्त वरून ओसंडलं होतं. १८७० च्या सुमाराची ती मातीची पाळ त्या रात्री टिकली म्हणून आपण आज झाडांवर वाद घालायला बसलो आहोत.

आता काढण्याविषयी. आपल्याकडे झाड काढणं म्हणजे करवत लावणं. शहरातल्या एका तलावाचं सांगते, नाव लिहीत नाही. सध्या उन्हाळ्याने पाणी खाली गेलंय, पाळ उघडी पडली आहे. मागच्या आठवड्यात मी तिथे फिरायला गेले आणि बुंधे मोजले. अकरा भरले. सगळे जमिनीबरोबर सफाईने कापलेले, दोघांवर तर चुन्याने नंबरही शाबूत. कागदावर ही अकरा झाडं निघाली. पाळीच्या पोटात ती जशीच्या तशी आहेत. त्यातल्या एका करंजीच्या बुंध्याला सात फुटवे आले होते, कमरेएवढे, हिरवेगार. करंजीला काय, तिला छाटणीच वाटली असणार. शेजारच्या सुबाभळीचं तर विचारूच नका. म्हणजे एकाची सात झाली, पाळीचा धोका होता तिथेच राहिला, आणि सावली तेवढी गेली. झाडवाले हरले, पाळवालेही हरले. जिंकला तो फक्त लाकूड भरून नेणारा ट्रक.

पाळीवरचं झाड काढायचं तर बुंधा आणि मोठी मुळं खणून काढावी लागतात. मग तो खड्डा पाळीच्याच जातीच्या मातीने सहा-सहा इंचांचे थर देत, पाणी मारत, धुम्मस करत, म्हणजे ठोकून दाबत, भरावा लागतो. नुसता मुरूम लोटून वर ट्रॅक्टर फिरवला की झालं, असं नाही. हे काम तलाव उतरलेला असताना, म्हणजे होळी ते मृग या दिवसांतच करायचं. भर पावसात पाळीला खड्डा पाडणारा माणूस दुश्मनच म्हणायचा. फार मोठं झाड असेल तर एका वर्षात हातच घालू नये, धरणाच्या जाणकार अभियंत्याने पाहून टप्प्याने काढावं. सगळ्यात सोपं म्हणजे दरवर्षी दिवाळीनंतर पाळीवर उगवलेली बारकी रोपं उपटून टाकायची. दोन मजूर, चार दिवस. ते केलं असतं तर आज तोडायला झाडच नसतं. पण चार दिवसांच्या मजुरीचं टेंडर निघत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की तोडायच्या प्रत्येक झाडाच्या नोंदीत ते पाळीवर आहे, काठावर आहे, की सांडव्याच्या वाटेत आहे, हे लिहिलं जावं. पाळीवरचं असेल तर परवानगीतच मुळासकट काढून खड्डा दाबून भरण्याची अट असावी, आणि भरलेला खड्डा पाहिल्याशिवाय बिल निघू नये.

दुसरी भानगड इथूनच सुरू होते. पाळीच्या नावावर काठाची झाडंही यादीत शिरतात. पुराच्या धास्तीने लोक गप्प असतात, तेवढ्यात चालायची वाट रुंद होते, गाड्या लावायला जागा होते, दोन-चार ठेले बसतात. मी स्वतः एका नोटिशीवरून हे पाहिलं. झाडाला खिळ्याने ठोकलेला कागद, पावसाने अर्धा धुतलेला. हरकत घ्यायला सात दिवस, त्यातले चार संपलेले. झाडांचा तक्ता होता आणि जातीच्या रकान्यात ओळीने लिहिलं होतं : इतर, इतर, इतर, कडुलिंब, इतर. मी चष्मा लावून एकेक नंबर शोधला. त्या ‘इतर’मध्ये तीन कहू निघाले, एक जांभूळ, आणि एक उंबर, ज्याच्यावर त्या वेळी पाखरांचा बाजार भरला होता. एकही पाळीवर नव्हतं. पाळ तिथून दीडशे पावलांवर संपत होती.

हरकत लिहून दिली, पोच घेतली. सुनावणीला बोलावलं तेव्हा साहेब चांगले बोलले, पाणी विचारलं, बसा म्हणाले. मग म्हणाले, ताई, एवढं काय मनावर घेता, बदल्यात दुसरीकडे लावणारच आहोत ना. मी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? तर, उपलब्ध जागेवर. ही उपलब्ध जागा कुठे असते हे मला ३१ वर्षांत कळलेलं नाही, आणि रोपं तर माझ्याच नर्सरीतून जातात.

कायदा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते. झाडांच्या संरक्षणाचा आपला राज्याचा कायदा १९७५ चा आहे. शहरागणिक वृक्ष प्राधिकरण, नोटीस, हरकत, सगळं त्यात आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या आणि त्यापुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. जितक्या वयाचं झाड तोडाल तितकी झाडं लावा, असं आलं. लावायची रोपं सहा ते आठ फुटांची हवीत, त्यांचं जिओ टॅगिंग, म्हणजे फोटोसकट जागेची नोंद, करायचं, सात वर्षं सांभाळायची, असंही आलं. वाचायला छान आहे. आपल्या फुटाळा तलावाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की तो माणसाने बांधलेला तलाव आहे, पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतल्या व्याख्येत तो बसत नाही. मला त्यातलं वकिली काही कळत नाही. इतकंच कळतं की बांधलेल्या तलावांच्या काठावरच्या झाडाला पाणथळीच्या नियमांचा आडोसा मिळेलच असं नाही. उरला हा झाडांचा कायदा. म्हणून त्याचे नियम नीट हवेत.

आणि इथे मला माझ्याच धंद्यातलं पितळ उघडं करायचं आहे.

सहा ते आठ फुटांचं रोप हवं म्हटल्यावर आम्ही नर्सरीवाले काय करतो? पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवतो, वर हिरवी जाळी ताणतो. उजेडासाठी रोपं एकमेकांच्या डोक्यावरून धावतात. आठ महिन्यांत आठ फूट. बुडाशी जाडी माझ्या करंगळीएवढी. बांबूची काठी काढली की वाकून नमस्कार करतं. असं रोप पट्टीवर पास होतं, वैशाखातल्या लूमध्ये नापास. शिवाय उंची मोजताना पिशवीच्या तळापासून मोजणारे महाभाग आहेत, म्हणजे दीड फूट तिथेच खाल्ला. उलट तीन वर्षं मोकळ्यावर, दोनदा मोठ्या पिशवीत बदललेलं, अंगठ्याहून जाड बुंध्याचं पाच फुटी रोप माझ्याकडे पडून राहतं. नियमात बसत नाही म्हणून.

पिशवीचंही ऐका. रोप लहान पिशवीत जास्त दिवस राहिलं की मूळ तळाशी जाऊन गोल गोल फिरतं. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं. ते तसंच खड्ड्यात गेलं तर पुढे पाच-सात वर्षांनी झाड बाहेरून बरं दिसतं, पण स्वतःच्याच मुळाने स्वतःचा गळा आवळत असतं, आणि एका वावधानात, म्हणजे वादळात, आडवं होतं. लावताना पिशवी फाडून ते वेटोळं धारदार सुरीने दोन-तीन जागी कापायचं असतं. एका ठेकेदाराने माझ्याकडून दोनशे रोपं नेली होती. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या जागेवरून जात होते, उतरून पाहिलं. ओळीने वाळलेल्या काड्या. एक उपटली तर अलगद वर आली, खाली माझ्याच नर्सरीची काळी पिशवी, जशीच्या तशी, मातीसकट. पिशवीसुद्धा काढली नव्हती. मजुराला नगावर पैसे होते, पिशवी फाडायला अर्धा मिनिट जातो. मी त्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, ताई, फोटो तर हिरवे असतानाचेच गेले ना वर.

त्या फोटोतच सगळं आहे. जिओ टॅग लावणीच्या दिवशी होतो. आषाढात लावलेलं काहीही हिरवं दिसतं, नुसती फांदी खोचली तरी चार दिवस टवटवीत राहते. नागपुरात झाडाची परीक्षा मे महिन्यात असते. काळी भुई असेल तर उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी फाटते आणि फाटताना बारकी मुळं तोडते. म्हणून पहिले तीन उन्हाळे बुडाशी पालापाचोळा घालावा लागतो आणि आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी द्यावं लागतं. टँकरने दुरून पिचकारी मारून चालत नाही. मोजणी करायची तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, पहिला पाऊस पडण्याआधी करा. जितकी जगलेली दिसतील तितकीच लावली असं धरा, आणि ठेकेदाराची निम्मी रक्कम तोवर अडकवून ठेवा. दोन वर्षांत आम्ही नर्सरीवालेसुद्धा सुतासारखे सरळ होऊ. उंचीसोबत बुडाची जाडी आणि पिशवीचं माप नियमात आलं की मलाही ती हिरवी जाळी काढून टाकता येईल. नाहीतर मी एकटीने चांगलं रोप करायचं आणि महागाचं म्हणून ते विकलं जाऊ नये, असा हा धंदा आहे.

आता बदली झाड कुठे लावायचं. साठ वर्षांचा कहू तोडला तर हिशोबाने साठ झाडं लागतात. तलावाकाठी एका झाडाच्या जागेवर साठ मावत नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून ती सगळी गावाबाहेरच्या कुठल्या तरी माळावर जातात, कागदावर हिरवळ वाढते आणि तलाव बोडका होतो. काठाचं झाड गेलं की तिथे काय येतं ते पाहिलं आहे का? बेशरम. दोन पावसाळ्यांत कंबरभर. मग ती काढायला आणखी एक टेंडर. माझं म्हणणं, साठातली जितकी झाडं त्याच तलावाच्या काठाला बसतील तितकी आधी तिथेच बसवावी, मग बाकीची बाहेर न्यावी. आणि पाळीवरून काढलेल्या झाडाची बदली चुकूनही पाळीवर नको. हे लिहिण्याची गरज पडू नये, पण पाळीच्या उतारावर वृक्षारोपणाचा फलक आणि त्यामागे पिंपळाची रोपं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. साहेबांच्या हस्ते लागली होती.

काठालाही कोणतंही झाड चालत नाही. तलावाचं पाणी भादव्यात कुठवर चढतं आणि जेठात कुठे जातं, ते आधी पाहावं लागतं. जिथे महिना-दोन महिने बुडं पाण्यात राहतात तिथे कहू, करंज, जांभूळ, वाळुंज. यांना पाण्याचं वावडं नाही. त्याच्या वर, जिथे पाणी येऊन लगेच ओसरतं, तिथे उंबर. कडुलिंब अगदी वर, कोरड्यात. कडुलिंबाचे पाय ओले राहिले की तो झुरतो, हे कोणत्याही नर्सरीच्या माळ्याला माहीत आहे, तरी दरवर्षी ओल्या पट्ट्यात कडुलिंबच जातो. स्वस्त मिळतो आणि नाव पवित्र. गुलमोहराची मुळं वरवर, तो वादळात पहिला पडतो. कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड मागायला येतात त्यांना मी नाही म्हणते, तो दुसरीकडून नेतात. एखादं वाळलेलं झाड काठाला उभं राहू द्यायलाही काही हरकत नाही, पडून कोणाच्या डोक्यावर येणार नसेल तर. पाणकावळे पंख वाळवायला कुठे बसतील? पण वाळलेलं झाड दिसलं की लगेच कोणीतरी अर्ज करतो.

आणि जी झाडं उभी आहेत त्यांच्या गळ्यातलं सिमेंट काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीला सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आपल्या तलावांच्या काठाला टाइल थेट बुंध्याला जाऊन भिडलेल्या मी रोज पाहते. अशी झाडं पाच-सहा वर्षांत वाळायला लागतात, मग ती धोकादायक ठरतात, मग नोटीस लागते, आणि मग सगळे मिळून म्हणतात, वाळलंच होतं.

त्या माझ्या हरकतीचं काय झालं ते राहिलं. उंबर वाचला. का वाचला ते कागदात नाही. तिथल्या एका चहावाल्याने बुंध्याला शेंदूर लावून खाली दत्ताचा फोटो ठेवला होता, त्याची करामत असावी. तिन्ही कहू गेले. जांभूळ निम्मं छाटून ठेवलंय. बुंध्यांवर आता बाकडी बसवली आहेत, मी एकदा बसून आले. ऊन फार लागतं.

पत्र छापणार असाल तर एक विनंती आहे. माझं नाव छापू नका. मृग लागला की पिशव्या उचलायला हेच ठेकेदार माझ्या दारात येणार आहेत. मी त्यांना पिशवी फाडून लावा म्हणून सांगणार, ते हो ताई म्हणणार, आणि मी रोपं गाडीत भरून देणार. दोनशे काळ्या पिशव्यांची ऑर्डर कालच आली आहे, आठ फुटी.

आपली,
एक नर्सरीवाली
मानेवाडा, नागपूर